आठ इंच पोकळी

लान्सिंग, मिशिगन. फेब्रुवारी.
डार्लीन व्हॅन्डनबॉशच्या गॅरेजात
रॉकेलचा हीटर फुरफुरतोय
आणि सत्तर सालची ओल्ड्समोबिल
बॉनेट उघडून बसलीय,
दाताच्या दवाखान्यात आ करून बसावं तशी.

याच गावच्या कारखान्यात डार्लीनने
बावीस वर्षं सीटा बसवल्या.
या गाडीच्या नव्हे, तेव्हा ती शाळेत होती;
हे ती प्रत्येकाला न विचारता सांगते.
कारखान्याच्या जागी आता कुंपण आणि गवत.

मी दिवसा बॅटरीच्या गाड्यांची गुणगुण मारते.
कुठला स्क्रू कुजबुजतो, कुठला पंखा कण्हतो,
शोधायचं आणि गप्प करायचं.
पगार शांततेचा.
संध्याकाळी इथे येते, हात काळे करायला.

तयार इंजिन घ्यावं का?
पेटीतून येतं, कोरं करकरीत, पाचशे घोडे,
किल्ली फिरवली की हजर.
डार्लीनने फोटो पाहिला, म्हणाली,
जावई म्हणून ठीक आहे. घरात नको.

मग लोखंड तेच ठेवलं.
सिलिंडर केसभर मोठे करून घेतले,
वर अ‍ॅल्युमिनियमची हेडं,
नाकावरचं ओझं तेवढंच उतरलं.
तिचा भाऊ म्हणाला, कार्बोरेटरही मोठा टाका.
मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड,
आणि ते इंग्रजीत समजावताना
कुणाचं नाक, कसला मोती, माझी तारांबळ.
डार्लीनला कळलं.
जुनाच धुऊन ठेवला, बेकिंगच्या ट्रेमध्ये.

अडलं ते कॅमशाफ्टवर.
एक दांडा, त्यावर सोळा उंचवटे.
झडप कधी उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची,
एवढंच त्याला ठाऊक;
पण गाडीचा स्वभाव म्हणतात तो तिथेच असतो.
छोटा बसवला तर शहाणी, सिग्नलला चूपचाप.
मोठा बसवला तर हायवेवर वाघ
आणि उभ्या जागी अडखळणारी, झपतालात:
धी ना, धी धी ना,
आता बंद पडेल, आता बंद पडेल,
पडत नाही.

तोच, डार्लीन म्हणाली.
तो आवाज चर्चच्या वळणावरून ऐकू यायचा
आणि मी बटाटे गॅसवर चढवायचे.
कोण यायचं, ते बोलली नाही.
मीही पाना पुसत राहिले.

मग कागदावर मांडून दाखवलं:
मोठ्या कॅमने उभ्या इंजिनात पोकळी उरते आठ इंच,
ब्रेकच्या डब्याला लागते अठरा.
पोकळी हवीच गं, तिच्याच जोरावर
पेडल हलकं जातं. नाहीतर दगड.
आणि तुझा गुडघा मागच्या उन्हाळ्यात बदललेला.

तिने गुडघ्याकडे पाहिलं,
जणू दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग.
मधला मागव, म्हणाली.
मागवला.
रात्री अकराला फोन:
बदल. मोठा. थांबायचं मी बघते.

झोप कुठली.
पहाटे सुचलं, आमच्या मुक्या गाड्यांना तर इंजिनच नाही,
त्यांच्या ब्रेकला पोकळी देतो
मुठीएवढा विजेचा पंप.
चाचणीत ठोकलेल्या एका गाडीतला,
तीन ठिकाणी सह्या करून, घरी आणला.
फेंडरच्या आत, बॅटरीमागे लपवला.
तिच्या भावाला अजून माहीत नाही.

मार्च सरता सरता पहिल्यांदा पेटली.
भिंतीवरच्या बरण्यांतले नटबोल्ट थरथरले,
शेजारच्या कुत्र्याने आयुष्याचा हिशेब मागितला.
धी ना, धी धी ना.
डार्लीनने पेडल दाबलं. हलकं गेलं.
पुन्हा दाबलं. पुन्हा.

त्या गदारोळाच्या तळाशी पंप कण्हला,
बारीक, थोडा बेसूर,
दिवसभर मी ज्याच्या मागावर असते तोच आवाज.
मला ऐकू आला. तिला नाही.
राहू दिला.

बाहेर काढायची राहिलीच पण.
दारासमोर अजून वीतभर बर्फ होता
आणि फावडं भाऊ घेऊन गेलेला.